पळण्याची गोडी लागावी म्हणून: नवशिक्यांचे पहिले दहा आठवडे

"पळणं आपल्याला काही जमत नाही" असं कुणी म्हणालं की मी एवढंच विचारतो, पहिल्या दिवशी किती जोरात पळालात? उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. बूट घातले, गेटबाहेर पडलो, सुसाट सुटलो, दोनशे मीटरवर धाप लागली, घसा कोरडा पडला, छाती भरून आली. असं दोन-तीन दिवस चालतं आणि मग बूट पलंगाखाली जातात.

यात त्या माणसाचा दोष नाही. आपली पळण्याशी ओळखच शर्यतीतून नाहीतर शिक्षेतून होते. शाळेत शंभर मीटर, किंवा उशीर झाला म्हणून मैदानाला पाच फेऱ्या. गावाकडे पहाटे रस्त्यावर भरतीची मुलं पळताना दिसतात, पण त्यांना पोलीस भरतीत १६०० मीटर (मुलींना ८००) घड्याळ लावून काढायचे असतात आणि वेळेवर गुण मिळतात. तो सराव वेगळा आणि त्याचं कारणही वेगळं. तुम्हाला पळणं आवडावं असं वाटत असेल तर मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगू द्या: हळू पळा. तुमच्या मनात आहे त्याहून कितीतरी हळू.

१९६० च्या दशकात न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्ड या प्रशिक्षकाने ऑकलंडमध्ये साध्या, मध्यमवयीन, बैठं काम करणाऱ्या लोकांना सावकाश पळायला लावलं. बोलत बोलत पळता येईल इतकंच. १९६२ साली अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठाचे नामांकित प्रशिक्षक बिल बॉवरमन त्याच्याकडे गेले आणि त्या मंडळींबरोबर पळताना आपल्याहून बऱ्याच वयस्कर गृहस्थाच्या मागे पडले. तो माणूस जोरात पळत नव्हता, त्याला नुसती रोजची सवय होती. बॉवरमन हे वेड घेऊन अमेरिकेत परतले आणि जॉगिंग तिथे घराघरात पोचलं. पुढे जपानमध्ये फुकुओका विद्यापीठाच्या हिरोआकी तानाका यांनी याहूनही सावकाश, चालण्याच्याच वेगाने पळायला शिकवलं. चेहऱ्यावरचं हसू टिकेल इतकाच वेग, असा त्यांचा साधा नियम होता.

हळूच का?

जोरात पळताना स्नायूंना लागणारा ऑक्सिजन रक्तातून पुरत नाही. मग शरीर दुसऱ्या मार्गाने ऊर्जा काढतं, आणि तो मार्ग फार वेळ टिकत नाही. श्वास फुलतो, पाय जड होतात, मन म्हणतं थांब. सावकाश पळताना ही वेळच येत नाही. शिवाय खरी मशागत याच वेगात होते: हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं, पेशींमधली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा वाढते. लांब पल्ल्याचे अव्वल धावपटूसुद्धा आठवड्यातलं बहुतेक पळणं सावकाशच करतात.

दुसरं कारण हाडांचं आणि स्नायुबंधांचं. दम काही आठवड्यांतच वाढतो, पण नडगीचं हाड, घोट्यामागची शीर, गुडघ्याभोवतीच्या दोऱ्या तयार व्हायला महिने लागतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात "आता जमतंय की" असं वाटून माणूस वेग वाढवतो आणि नेमका तेव्हाच पाय धरतो. दम आला म्हणजे पाय तयार झाले, असं धरून चालू नका.

सुरुवातीआधी

वय चाळिशीपुढे असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, जिना चढताना छातीत दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. ही औपचारिकता म्हणून उरकू नका. गरोदर असाल किंवा नुकतंच बाळंतपण झालं असेल तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय सुरुवात नको.

बायकांना आणखी एक सांगणं. हिमोग्लोबिन तपासून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये ॲनिमिया आढळला. रक्त कमी असेल तर कितीही सावकाश पळा, दम लागणारच, आणि बाई समजते की आपल्यातच दम नाही. आधी रक्त सुधारा.

सलग अर्धा तास भरभर चालता येत नसेल तर दोन-तीन आठवडे नुसतं चाला. हे दिवस फुकट जात नाहीत, पाय तयार होतात.

जागा आणि वेळ

मातीची वाट मिळाली तर उत्तम, नाहीतर डांबरी रस्ता, आणि काँक्रीट शेवटी. पण त्याहून मोठा प्रश्न असा की तिथे जायला तुम्हाला आवडतं का? पुण्यात असाल तर वेताळ टेकडी किंवा तळजाई, मुंबईत शिवाजी पार्कची फेरी किंवा मरीन ड्राइव्ह, कोल्हापुरात रंकाळा, नागपुरात अंबाझरी. गोव्यात किंवा कोकणात किनारा जवळ असेल तर ओहोटीनंतरच्या ओल्या, घट्ट वाळूवर पळा. कोरड्या वाळूत पोटऱ्या भरून येतात, आणि उतरत्या किनाऱ्यावर एकाच दिशेने पळत राहिलात तर एका बाजूचा गुडघा आणि कंबर कुरकुरायला लागते. टेकडीवर सुरुवातीचे दोन महिने चढ चालतच चढा.

जवळ काहीच नसेल तर सोसायटीच्या आवारात पळा, पण दर दोन फेऱ्यांनी दिशा बदला, कारण वळणं एकाच बाजूची असली की त्याच पायावर ताण येतो. रस्त्यावर पळायचं झालं तर उजव्या कडेने, म्हणजे समोरून येणारी वाहनं दिसतील. पहाटे अंधार असेल तर फिकट रंगाचा शर्ट घाला, आणि कानात दोन्ही बाजूंना इयरफोन नको. भटकी कुत्री दिसली की पळणं थांबवून चालायला लागा, त्यांच्या डोळ्यांत बघू नका, हातवारे करू नका. पळणाऱ्या माणसामागे लागणारं कुत्रं चालणाऱ्याकडे बहुतेक वेळा दुर्लक्ष करतं.

वेळ पहाटेचीच हवी असं नाही. संध्याकाळी अंग मोकळं असतं, पळणं हलकं जातं. पण आपल्याकडे संध्याकाळच्या वेळेला शंभर कामं आडवी येतात, त्यामुळे टिकते ती बहुधा सकाळच. घरातल्या बाईने पळायला जायचं असेल तर हा वेळेचा प्रश्न सगळ्यात मोठा. "उरलेल्या वेळात जाईन" म्हटलं की तो वेळ कधीच उरत नाही. आठवड्यातले तीन दिवस घरी सांगून ठेवा: मंगळवार, गुरुवार आणि रविवार. त्या सकाळी डबा दुसरं कुणी भरेल, दूध दुसरं कुणी तापवेल. हे आधी बोलून ठरवलेलं असलं की पळताना मन घड्याळात अडकत नाही.

बूट आणि कपडे

पैसे खर्च करायचे तर फक्त बुटांवर. पळण्यासाठीच बनवलेले बूट घ्या. बॅडमिंटनचे किंवा कॉलेजचे कॅनव्हास नकोत. दुकानात संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाऊल थोडं सुजतं, आणि पळतानाही सुजतं. पळताना घालणार तेच मोजे घालून बूट पायात घाला, उभे राहा. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. दुकानातच थोडं पळून बघा, विक्रेता काही म्हणणार नाही. पायाला पहिल्याच मिनिटाला बरा वाटतो तोच बूट तुमचा, मग तो महाग असो की मधल्या किमतीचा. "घालून घालून सैल होईल" असं कुणी म्हटलं तर घेऊ नका. एक जोड साधारण ५०० ते ८०० किलोमीटर चालते, म्हणजे नवशिक्याला वर्ष सहज निघतं.

सुती मोजे घाम धरून ठेवतात आणि फोड येतात, त्यामुळे सिंथेटिक घ्या. बायकांसाठी चांगली स्पोर्ट्‌स ब्रा ही बुटांइतकीच गरजेची वस्तू आहे. मांड्या किंवा काख काचत असेल तर निघण्यापूर्वी व्हॅसलिन किंवा खोबरेल तेल लावा. पावसाळ्यात तर हे विसरूच नका. स्मार्ट घड्याळ आत्ता नको. ते का, हे पुढे सांगतो.

पहिला दिवस

हा दिवस नीट पार पडला तर पुढचं सोपं होतं, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

घरून निघा आणि सात-आठ मिनिटं भरभर चाला. उभ्याने ताणून धरायचे व्यायाम आत्ता नकोत, ते नंतर. चालता चालता खांदे गोल फिरवा, घोटे हलवा. मग पळायला सुरुवात करा, पण अशी की बघणाऱ्याला क्षणभर कळू नये तुम्ही चालताय की पळताय. पावलं छोटी, पाय जमिनीपासून जेमतेम वर. एक मिनिट. मग दोन मिनिटं चाला. असं आठ वेळा. शेवटी पाच मिनिटं रमतगमत चालून घरी.

वेग बरोबर आहे का, हे कसं ओळखायचं? पळता पळता आपला पूर्ण पत्ता मोठ्याने म्हणा: घर क्रमांक, इमारत, रस्ता, गाव, जिल्हा, पिनकोड. मध्ये न अडखळता सांगता आला तर वेग ठीक. "फ्लॅट नंबर... चार..." असं तुटायला लागलं तर आणखी हळू. आणखी हळू म्हणजे चालणंच होईल असं वाटलं तरी हळू. एका किलोमीटरला आठ, नऊ, दहा मिनिटं लागली तरी काही बिघडत नाही. बागेत फेरी मारणारे आजोबा तुम्हाला मागे टाकून जातील. जाऊ देत.

पहिली एक-दोन मिनिटं नेहमीच जड जातात, वर्षानुवर्षं पळणाऱ्यालाही. शरीराने एकदम काम मागितलं की श्वास आणि हृदय त्या मागणीपर्यंत पोचायला थोडा वेळ घेतात. श्वास लागला की घाबरू नका, चाल थोडी कमी करा आणि वाट बघा. बहुतेकांना आठ-दहा मिनिटांनंतर लय सापडते. म्हणून पहिल्या पाच मिनिटांवरून "आज काही खरं नाही" असं ठरवून परत फिरू नका.

आणि सगळ्यात कठीण सूचना: आठ फेऱ्या झाल्या की थांबा. आणखी पळावंसं वाटेल तरी थांबा. अजून हवंहवंसं वाटत असताना घरी गेलेला माणूस गुरुवारी परत येतो.

पुढचे आठवडे

आठवड्यातून तीनच दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून. मधल्या दिवशी चाला, सूर्यनमस्कार घाला, किंवा काहीच करू नका.

पहिला-दुसरा आठवडा: १ मिनिट पळणं, २ मिनिटं चालणं, आठ वेळा.
तिसरा-चौथा: २ मिनिटं पळणं, २ चालणं, सहा वेळा.
पाचवा: ३ पळणं, २ चालणं, पाच वेळा.
सहावा: ५ पळणं, २ चालणं, चार वेळा.
सातवा: ८ पळणं, २ चालणं, तीन वेळा.
आठवा: १२ पळणं, ३ चालणं, दोन वेळा.
नववा: २० मिनिटं सलग.
दहावा: २५ ते ३० मिनिटं सलग.

अशा टप्प्याटप्प्याच्या आखणीला जगभर लोकप्रियता मिळाली ती जॉश क्लार्कने १९९६ साली आखलेल्या नऊ आठवड्यांच्या कार्यक्रमाने. आपल्याकडच्या दमट हवेसाठी आणि सांध्यांच्या सोयीसाठी मी सुरुवात आणखी सौम्य ठेवली आहे. एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करा. लग्नसराईत, गणपतीत, दिवाळीत एक आठवडा बुडाला तर जिथे सोडलं होतं त्याच्या एक पायरी मागून सुरू करा. दहाचे चौदा आठवडे झाले तरी कुणी विचारायला येत नाही.

चालण्याबद्दल मनात कमीपणा ठेवू नका. अमेरिकेचे जेफ गॅलोवे १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर पळालेले धावपटू, पण ते ओळखले जातात ते पळणं आणि चालणं मिसळण्याच्या पद्धतीसाठी. तिच्या जोरावर असंख्य सामान्य माणसांनी ४२.१९५ किलोमीटरची मॅरेथॉन पुरी केली आहे. यातली खुबी अशी की दमल्यावर चालायचं नाही, दमण्याआधी चालायचं.

ढब आणि श्वास

यावर फार विचार करू नका. पाऊल शरीराच्या खाली पडू दे, लांब टाकू नका. नजर दहा-पंधरा पावलं पुढे, खांदे सैल, मुठी चिमणीचं अंडं धरल्यासारख्या हलक्या. मिनिटाला १८० पावलांचा आकडा ऐकू येईल, तो सगळ्यांना लागू नाही, सोडून द्या. श्वास नाकातोंडातून जसा येईल तसा घ्या. बरगडीखाली कळ आली तर चालायला लागा, हाताने तिथे दाबून लांब श्वास सोडा. मिनिटा-दोन मिनिटांत उतरते.

गोडी कुठून येते

पळल्यावर येणाऱ्या आनंदाच्या लाटेबद्दल खूप ऐकलेलं असतं. पूर्वी तिचं श्रेय एंडॉर्फिनला देत. अलीकडचं संशोधन शरीरातच तयार होणाऱ्या एंडोकॅनाबिनॉइड नावाच्या रसायनांकडे बोट दाखवतं. ती वाढतात मध्यम श्रमाने आणि थोड्या जास्त वेळाने, त्यामुळे एक-एक मिनिट पळण्याच्या दिवसांत तिची वाट बघू नका. सुरुवातीला मिळतं ते वेगळं: रात्री गाढ झोप, सकाळी सपाटून भूक, अंघोळीनंतरचा हलकेपणा, ऑफिसात दुपारी न येणारी पेंग. याकडे मुद्दाम लक्ष द्या. वहीत दोन ओळी लिहा. वेग लिहू नका, कसं वाटलं ते लिहा.

घड्याळ नको म्हणालो ते यासाठी. आकडा दिसला की माणूस कालच्या आकड्याशी भांडायला लागतो, आणि ॲपवर टाकला की शेजाऱ्याच्या आकड्याशी. पहिले दहा आठवडे मिनिटं मोजायला साधं घड्याळ पुरे.

वजन कमी करण्यासाठी पळायला सुरुवात करू नका, असंही मी अगदी ठामपणे सांगेन. काटा हलायला वेळ लागतो, तो प्रामुख्याने जेवणावर हलतो, आणि काटा हलला नाही की पळणंच व्यर्थ वाटायला लागतं. वजन उतरलं तर छानच. पण पळायला जाण्याचं कारण ते नसावं.

सोबत मिळाली तर सोन्याहून पिवळं. मात्र सोबती तुमच्याच वेगाचा हवा. पळता पळता गप्पा मारायला लागलात की वेग आपोआप बरोबर राहतो, आणि कुणीतरी कोपऱ्यावर उभं असेल या विचाराने गादी सुटते. पहाटे एकट्याने बाहेर पडायला धजत नसलेल्या मुलींना आणि बायकांना तर दोघी-तिघींच्या गटाने फार बळ येतं. आता बहुतेक शहरांत पळणाऱ्यांचे गट आहेत. पहिल्या दिवशी स्पष्ट विचारा, अगदी नवशिक्यांसोबत कुणी मागे थांबतं का? थांबत नसेल तर दुसरा गट बघा.

खाणं-पिणं

अर्ध्या तासासाठी खास काही लागत नाही. उपाशीपोटी चक्कर येत असेल तर अर्धं केळं किंवा दोन खजूर, वर घोटभर पाणी. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. परत आल्यावर मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत किंवा ताक, आणि तासाभरात नीट नाश्ता: शेंगदाणे घातलेले पोहे, उसळ, अंडी, थालीपीठ-दही, घरात जे असेल ते. पावडरी आणि जेल विकत घेऊ नका.

दुखलं तर

नवीन काम केलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या, पोटऱ्या दुखतात. दोन्ही पायांत सारखं, स्नायूभर पसरलेलं, हालचालीने सैल होणारं दुखणं निरुपद्रवी. एकाच पायात, एकाच ठिकाणी, बोटाने दाखवता येईल असं, पळताना वाढत जाणारं दुखणं निराळं. तिथे थांबायचं. नवशिक्यांना सर्वाधिक त्रास होतो तो नडगीच्या आतल्या कडेला. आठ-दहा दिवस पळणं बंद, चालणं दुखत नसेल तर चालू, बर्फ, आणि परत येताना दोन आठवडे मागून सुरुवात. हाडावर एका बिंदूत दुखत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवाच.

"गुडघे झिजतील" हे वाक्य घरातलं कुणीतरी ऐकवेलच. हौसेने, बेताने पळणाऱ्यांचे गुडघे बसून राहणाऱ्यांपेक्षा जास्त झिजतात असं अभ्यासांत दिसलेलं नाही. गुडघा आधीच दुखरा असेल तर गोष्ट वेगळी. त्याची काळजी घ्यायची तर मांडीची आणि पोटरीची ताकद वाढवा: आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता दहा-पंधरा वेळा उठबस आणि जिन्याच्या पायरीच्या कडेवर टाचा खालीवर.

ऋतू

मुंबई-कोकणात घाम वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि तोच वेग जड वाटतो. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे मध्ये ऊन चढायच्या आत संपवा, जमलं नाही तर त्या दिवशी सोडा. उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. चक्कर, अंगावर काटा, घाम थांबणं यांपैकी काही जाणवलं तर लगेच सावली, पाणी आणि मदत. पावसात पळणं फार सुखाचं, फक्त शेवाळ आणि पाण्याने भरलेले खड्डे टाळा, विजा कडाडत असतील तर घरी थांबा, आणि आल्यावर बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. हिवाळ्यात शहरांत धुरकं दाटलं असेल तर उशिरा निघा.

पहिला कार्यक्रम

अर्धा तास सलग जमला की पाच किलोमीटरच्या एखाद्या कार्यक्रमात जरूर नाव द्या. २००४ पासून जानेवारीत होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनमधली सुमारे सहा किलोमीटरची ड्रीम रन तर वेळ न मोजताच होते. तिथे लोक वेशभूषा करून, नाचत, चालत जातात. पण पहिल्याच वर्षी साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनला जाऊ नका. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेने जाणारे ते २१ किलोमीटर सुंदर आहेत आणि ते तुमची वाट बघतील. आधी दहा किलोमीटर आरामात, मग पुढचं.

दहाव्या आठवड्यानंतर वाढवायचं ते फक्त रविवारी, दर आठवड्याला पाच मिनिटांनी, आणि तीन आठवडे वाढवल्यावर चौथ्या आठवड्यात थोडं कमी. मंगळवार-गुरुवार अर्ध्या तासावरच राहू द्या. रविवारी एक तास सहज व्हायला लागला आणि पत्ता अजूनही पिनकोडसकट न अडखळता सांगता येतोय, की मग चौथा दिवस जोडा.